‘काउंट कमी आहे’ म्हटल्यावर: नव्यानं या वाटेला लागलेल्यांसाठी

बाटली शर्टाच्या आत धरलेली, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, आणि काउंटरपाशी आल्यावर पहिला प्रश्न, "आत जेन्ट्स कुणी नाही का?" नसतं. मीच असते. लॅब टेक्निशियन म्हणून माझ्याकडं जी कामं आहेत, त्यांतलं एक वीर्यतपासणीचं. वीर्यातल्या शुक्राणूंची संख्या म्हणजे काउंट. रिपोर्ट न्यायला आल्यावर हीच माणसं आवाज खाली आणून विचारतात, "ताई, काउंट बरा आहे न्हवं?"

काउंटरवर उभ्या-उभ्या मला उत्तर देता येत नाही, देऊही नये. रिपोर्ट समजावणं हे डॉक्टरांचं काम. पण त्या माणसाला आणि त्याच्या बायकोला अर्धा तास समोर बसवता आलं असतं तर जे बोलले असते, ते इथं पायरीपायरीनं लिहिते आहे.

पायरी पहिली: तपासणी दोघांची, एकाच वेळी

माझ्या टेबलावर नेहमी दिसणारं चित्र सांगते. बायकोची फाइल दोन बोटं जाड. रक्ताच्या तपासण्या, दर महिन्याच्या सोनोग्राफ्या, नळ्या उघड्या आहेत का ते बघणारा एक्स-रे, एखादीची दुर्बिणीतून तपासणीही झालेली. आणि नवऱ्याचा पहिला नमुना आज आलाय, लग्नाच्या चौथ्या वर्षी. मूल न होण्याच्या साधारण निम्म्या प्रकरणांत पुरुषाच्या बाजूचं कारण एकटं किंवा बायकोच्या कारणाच्या जोडीला असतं. शिवाय या सगळ्या तपासण्यांत स्वस्त आणि बिनदुखती तपासणी हीच. तरी ती सगळ्यांत शेवटी होते. याचा मला राग येतो, तो इथं एकदा काढून घेतला.

नियम सोपा आहे. कुठलंही साधन न वापरता, नियमित संबंध ठेवून वर्षभरात दिवस राहिले नाहीत तर दोघांनी तपासणी करायची. बायकोचं वय ३५ च्या पुढं असेल तर सहा महिन्यांतच. लहानपणी गोटी (वृषण) खाली उतरली नव्हती, कॅन्सरचे उपचार झालेत, असं काही आधीच माहीत असेल तर वाटही बघू नये.

आधी तीन महिन्यांचा हिशोब

पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून इथं जरा थांबते.

शुक्राणू वृषणात, म्हणजे गोटीत, तयार होतात. आत केसासारख्या बारीक नळ्यांची गुंतवळ असते. उलगडून सरळ केली तर शेकडो मीटर भरेल. नळीच्या भिंतीला लागून मूळ पेशी बसलेल्या असतात. त्या दुभंगत जातात, मग एक खास विभाजन होऊन ४६ गुणसूत्रांची २३ होतात आणि छोट्या गोल पेशी उरतात. खरं कौशल्याचं काम त्यापुढं आहे. गोल पेशीनं डोकं आवळून घ्यायचं, डोक्यावर अंड्याचं आवरण भेदणाऱ्या रसाची टोपी चढवायची, शेपूट काढायची आणि उरलेला ऐवज टाकून द्यायचा. शेजारच्या सर्टोली नावाच्या पेशी हे बाळंतपण करतात. नळ्यांच्या मधल्या जागेत लायडिग पेशी असतात, त्या टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन बनवतात. दोघींना हुकूम येतो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून, एफएसएच आणि एलएच या दोन हार्मोन्सच्या रूपानं.

या घडणीला साधारण ७४ दिवस लागतात. त्यानंतर गोटीच्या पाठीमागच्या लांबलचक वळकटीतून, म्हणजे अधिवृषणातून, पुढं सरकायला आणखी दहा-चौदा दिवस. पोहायला तो तिथं शिकतो. म्हणजे धरून चाला तीन महिने. आमच्याकडं सोयाबीन पेरणीपासून काढणीपर्यंत जवळपास तेवढाच काळ घेतं. बाटलीत आज आलंय ते पीक आजचं नाही, तीन महिन्यांमागच्या पेरणीचं आहे.

यातून निघणारं शहाणपण असं. दोन महिन्यांपूर्वी डेंगी किंवा टायफॉइड होऊन चढा ताप आला असेल, तर आजचा रिपोर्ट त्या तापाचा रिपोर्ट असू शकतो. तंबाखू सोमवारी सोडली म्हणून पुढच्या सोमवारी काउंट वाढत नाही. आणि उपचार सुरू केल्यावर दर महिन्याला तपासणी करून आमचा गल्ला भरतो, तुम्हाला फक्त धडधड मिळते.

पायरी दुसरी: नमुना नीट द्या

निम्मे घोळ इथंच होतात. संबंध किंवा हस्तमैथुन बंद ठेवून किमान दोन दिवस, जास्तीत जास्त सात दिवस झालेले हवेत. "पंधरा दिवस साठवून आणलंय ताई, भरपूर असेल," असं अभिमानानं सांगणारे भेटतात. त्यात मेलेले आणि मंदावलेलेच जास्त निघतात.

बाटली लॅबनं दिलेलीच वापरा. खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली नको, मेडिकलमधला साधा निरोधही नको, त्यातलं रसायन शुक्राणूंना मारतं. तेल, साबण, थुंकी काही लावायचं नाही. बाहेर पडणाऱ्या पहिल्या थेंबांत शुक्राणू सगळ्यांत दाट असतात. ते सांडले तर लाजू नका, तसं सांगा. आम्ही कागदावर नोंद करतो आणि दुसरी तारीख देतो. न सांगता दिलेल्या अर्ध्या नमुन्यावरून माणसाला कमी काउंटचा शिक्का बसलेला मी पाहिलाय.

लॅबमध्येच नमुना देणं सगळ्यांत चांगलं. ती कोंदट खोली, बाहेर चपलांचे आवाज, कुणालाही अवघड जातं, हे आम्हाला कळतं. घरून आणायचा असेल तर अर्ध्या-पाऊण तासात पोचवा, तासाच्या वर जाऊ देऊ नका. बाटली अंगाजवळ, शर्टाच्या आत. गाडीच्या डिकीत नको आणि फ्रिजमध्ये तर अजिबात नको. झाकणावर वेळ लिहा. गेल्या तीन महिन्यांतला ताप, आजारपण, चालू असलेली औषधं, हे न विचारता सांगा. नमुना देताच येत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा; तपासणीसाठी वेगळे, बिनरसायनाचे निरोध मिळतात.

पहिला रिपोर्ट बिघडलेला आला तर दुसरा करायचाच, आणि मध्ये ताप आला असेल तर तीन महिन्यांनी. एकाच माणसाचे दोन आठवड्यांच्या अंतरानं घेतलेले नमुने इतके वेगळे येतात की नाव झाकलं तर दोन माणसांचे वाटतील.

पायरी तिसरी: कागद वाचायला शिका

रिपोर्टवर आकडे मिलियनमध्ये असतात. दहानं गुणलं की लाख होतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये काढलेल्या सहाव्या आवृत्तीतल्या खालच्या मर्यादा अशा आहेत: वीर्य १.४ मिली, एका मिलीत १ कोटी ६० लाख शुक्राणू, पूर्ण नमुन्यात ३ कोटी ९० लाख, एकूण हालचाल ४२ टक्के, त्यात सरळ पुढं जाणारे ३० टक्के, जिवंत ५४ टक्के, आकार नीट असलेले ४ टक्के.

आता हे आकडे आले कुठून? ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस राहिले, अशा पुरुषांचे नमुने मोजले आणि तळातल्या पाच टक्क्यांशी रेघ मारली. म्हणजे बाप झालेल्या शंभरांतले पाच जण या रेघेच्या खालीच होते. १५ मिलियन आले म्हणून कुणी नापास होत नाही आणि ४० आले म्हणून पेढे वाटायचे नसतात.

नुसता एका मिलीचा आकडा बघू नका. १२ मिलियन गुणिले ३ मिली म्हणजे ३६ मिलियन. २० मिलियन गुणिले १ मिली म्हणजे २० च. पहिल्या माणसाचा कागद वाईट दिसतो, पण माल त्याच्याकडंच जास्त आहे.

चार टक्के आकाराचा आकडा बघून रडणारी जोडपी खूप. "शंभरातले ९६ वाकडे?" हो, चांगल्या-चांगल्या बापांचेही. हा निकष फार कडक आहे, आणि वाकड्या शुक्राणूचं मूल वाकडं होतं असं काही नसतं.

काही शब्द ओळखीचे करून घ्या. ऑलिगो म्हणजे संख्या कमी, अस्थेनो म्हणजे पळ कमी, टेरॅटो म्हणजे आकार बिघडलेला. तिन्ही जोडून एक लांबलचक शब्द छापलेला असतो. तो वर्णन आहे, रोगाचं नाव नाही. ताप हा जसा रोग नसून लक्षण असतो, तसंच हे. अॅझूस्पर्मिया म्हणजे एकही शुक्राणू दिसला नाही. असं आलं तर विचारा, नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ बघितला का? गाळात चार-दोन सापडले तर पुढची सगळी वाट बदलते.

आणखी एक आमच्या खोलीतली गोष्ट. रिपोर्टवर ‘पस सेल्स’ जास्त दिसले की अँटिबायोटिकची चिठ्ठी निघते. पण अर्धवट वाढलेल्या, वेळेआधी नळीतून सुटलेल्या त्या गोल पेशी साध्या भिंगाखाली पांढऱ्या पेशींसारख्याच दिसतात. वेगळा रंग चढवल्याशिवाय फरक नीट कळत नाही. जळजळ नाही, दुखत नाही, आणि तरी तिसरा कोर्स चालू असेल, तर डॉक्टरांना एवढंच विचारा: या पेशी नक्की पूच्याच आहेत का?

पायरी चौथी: हात लावून तपासणाऱ्या डॉक्टरांकडं जा

बायकोच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून गोळ्या लिहून देणं पुरेसं नाही. यूरॉलॉजिस्ट किंवा पुरुष वंध्यत्वाचं काम करणारे अँड्रॉलॉजिस्ट गाठा. पँट उतरवून तपासणी होणार, हे मनाशी धरूनच जा. गोट्यांचा आकार, शुक्राणू वाहून नेणारी दोरीसारखी नळी हाताला लागते का, उभं राहून खोकल्यावर शिरा फुगतात का, हे पाच मिनिटांत कळतं आणि कुठल्याही मशीनइतकंच मोलाचं असतं. प्रौढ माणसाची गोटी साधारण १५ ते २५ मिलीची असते.

जाताना एका कागदावर लिहून न्या. लहानपणी गोटी वर होती का, हर्नियाचं ऑपरेशन झालं का, आईला विचारून घ्या. वयात आल्यावर गालफुगी होऊन गोटी सुजली होती का? दाढी कधी फुटली, आता रोज करावी लागते का? वास येतो का? हा शेवटचा प्रश्न ऐकून लोक हसतात, पण त्याचं कारण पुढं आहे. मधुमेह, टीबी, कॅन्सरचे उपचार, चालू औषधं, व्यसन, कामाची जागा. आणि जिममध्ये काही टोचून घेतलं असेल तर ते.

पायरी पाचवी: बिघाड कुठं आहे ते शोधा

काउंट कमी किंवा शून्य असण्याची कारणं तीन ठिकाणी सापडतात: हुकूम देणाऱ्याकडं, कारखान्यात, नाहीतर बाहेर नेणाऱ्या वाटेवर. एफएसएच, एलएच, टेस्टोस्टेरॉन आणि प्रोलॅक्टिन या रक्ततपासण्या, आणि हाताची तपासणी, यावरून बरंचसं उलगडतं.

हुकूम देणाराच गप्प असेल तर एफएसएच आणि एलएच दोन्ही कमी येतात, गोट्या लहान राहिलेल्या असतात. काहींमध्ये जन्मापासूनच हा हुकूम येत नाही आणि त्यांना वासही येत नाही. कॉलमन सिंड्रोम म्हणतात त्याला. आईच्या पोटात वासाच्या नसा आणि हा हुकूम देणाऱ्या पेशी एकाच वाटेनं मेंदूत जातात, ती वाटच अडलेली असते. ऐकायला भयंकर वाटतं, पण पुरुष वंध्यत्वात औषधानं खरोखर बरं होणारं जे थोडं आहे, त्यातलं हे. एचसीजी (एलएचचंच काम करणारं हार्मोन) आणि एफएसएचची इंजेक्शनं सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षं घ्यावी लागतात, आणि शून्यावरून शुक्राणू येतात. काउंट फार चढत नाही, तरी घरच्या घरी दिवस राहिल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

वाट बंद असेल तर गोट्यांचा आकार चांगला, एफएसएच व्यवस्थित, आणि बाटलीत शून्य. वीर्य अगदी थोडं, आम्लधर्मी आणि त्यात फ्रुक्टोज नाही असं आलं, तर जन्मतःच दोन्हीकडची नळी नसण्याची शंका घेतात. त्यामागं सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांच्या आनुवंशिक आजाराशी संबंधित सीएफटीआर जनुकातला दोष असू शकतो, म्हणून मुलाचा विचार करण्याआधी बायकोचंही ते जनुक तपासायचं. मधुमेह्यांत कधी वीर्य उलटं मूत्राशयात जातं. नंतरची लघवी तपासली की सापडतं.

कारखान्यातला बिघाड हा खरा अवघड भाग. एफएसएच चढलेलं असतं, कारण मेंदू ओरडतोय आणि गोटीकडून उत्तर येत नाही. काही नळ्यांत मूळ पेशीच नसतात, नुसत्या सर्टोली पेशी. काहींत घडण मध्येच अडकते: पेशी दुभंगते, गोल होते, आणि तिथंच थांबते. हा अडकलेला प्रकार फसवा असतो, कारण एफएसएच आणि गोटीचा आकार दोन्ही चांगले येऊ शकतात आणि वाट बंद असल्याचा भास होतो.

दोन नमुन्यांत शून्य किंवा एका मिलीत ५ मिलियनच्या खाली काउंट आला तर गुणसूत्रांची तपासणी डॉक्टर सांगतील. क्लाइनफेल्टर सिंड्रोममध्ये एक एक्स जास्तीचं असतं, ४६ ऐवजी ४७. साधारण सहाशे मुलग्यांत एक. उंच, धडधाकट, नोकरी-धंदा करणारी माणसं असतात ही, आणि पुष्कळांना आयुष्यात पहिल्यांदा ते कळतं या तपासणीच्या दिवशी. पुढं टेस्टोस्टेरॉन, साखर आणि हाडं यांच्याकडं लक्ष ठेवावं लागतं, म्हणून मूल झालं किंवा नाही झालं तरी डॉक्टर सोडायचा नाही.

दुसरी तपासणी वाय गुणसूत्राच्या तुटलेल्या तुकड्यांची. एझेडएफ नावाचा भाग ए, बी, सी असा विभागलाय. ए किंवा बी पूर्ण गेलेला असेल तर गोटीत शोधूनही शुक्राणू सापडण्याची आशा जवळजवळ नसते. अशा माणसावर चिरफाड करू नये. सी गेलेला असेल तर पुष्कळदा सापडतात, पण मुलगा झाला तर तोच तुटका वाय त्याच्याकडं जाणार. ऑपरेशनच्या आधी ही तपासणी का, याचं उत्तर यात आहे. नुसतं ‘बघूया काय आहे’ म्हणून कुणी आधी गोटीचा तुकडा काढायला सांगत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

घडणीच्या शेवटच्या टप्प्यातलेही दोष असतात, विरळा पण माहीत असलेले. झाडून सगळ्या शुक्राणूंची डोकी गोल, टोपीच नाही; ते अंड्यात शिरू शकत नाहीत. किंवा सगळेच्या सगळे निश्चल. निश्चल म्हणजे मेलेले असं धरू नका, जिवंतपणाची वेगळी चाचणी करून घ्या. अशा माणसाला लहानपणापासून कायम सर्दी, सायनस, कफ असेल तर तेही सांगा, कारण शेपटीची रचना आणि श्वासनलिकेतल्या केसांची रचना एकच असते.

पायरी सहावी: जे आपल्या हातात आहे ते आधी

सगळ्यांत वर जिमचं इंजेक्शन. कोल्हापूर-सांगलीकडं तालमींची हवा आहे, आता त्यात काचेच्या जिम आल्या आणि त्यांच्या मागच्या खोलीत बाटल्या आल्या. समोर येतो तो दंड भरलेला, छाती पुढं आलेला पोरगा, आणि भिंगाखाली शून्य. त्याला पटत नाही. "मर्दानगीचंच हार्मोन घेतलं की ओ ताई!" गंमत अशी की शुक्राणू घडायला गोटीच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटीनं जास्त लागतं, आणि ते तिथल्या तिथंच बनावं लागतं. बाहेरून टोचलं की मेंदू म्हणतो पुरेसं आहे, एलएच-एफएसएच बंद करतो, आतला झरा आटतो. १९९० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आठवड्याला टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन हे पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासून पाहिलं होतं, इतका हा परिणाम पक्का आहे. बंद केल्यावर बहुतेकांचा कारखाना पुन्हा सुरू होतो, पण महिने जातात, कधी वर्षाच्या वर. थकवा घालवायला म्हणून एखाद्या डॉक्टरांनीच टेस्टोस्टेरॉन दिलं असेल तर मूल हवंय हे त्यांना सांगा. मनानं मात्र काही थांबवू नका.

मग उष्णता. गोट्या अंगाबाहेर टांगलेल्या आहेत त्या उगीच नाहीत. तिथलं तापमान शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी लागतं. फाउंड्रीत भट्टीपाशी, साखर कारखान्याच्या बॉयलरवर, बेकरीत, तासन् तास ट्रकच्या सीटवर. काम सोडा असं मी कुणाला सांगणार? पण मध्ये उठणं, सैल सुती कपडे, मांडीवर लॅपटॉप न ठेवणं, गरम पाण्यात बसून न राहणं एवढं जमतं.

तंबाखू, गुटखा, मावा, सिगारेट, रोजची दारू, पोटाचा घेर: हे नव्यानं काय सांगायचं. फवारणीबद्दल मात्र सांगते. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९७७ मध्ये डीबीसीपी हे कीटकनाशक बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांच्याच आधी लक्षात आलं की आपल्यातल्या कुणाला मुलं होत नाहीत. तपासलं तर काउंट घसरलेले, काहींचे शून्य. ते औषध गेलं, पण द्राक्षबागेत उघड्या अंगानं फवारणी करण्याची आपली सवय गेली नाही. हातमोजे, मास्क, आणि घरी आल्यावर आधी आंघोळ.

काही औषधंही काउंट पाडतात. आतड्याच्या सुजेवरचं सल्फासॅलाझिन त्यात आहे, आणि ते बदललं की काउंट परत येतो. कॅन्सरची केमो किंवा रेडिएशन ठरलं असेल तर ते सुरू होण्याआधी वीर्य गोठवून ठेवा. अविवाहित वीस वर्षांच्या पोरासाठीसुद्धा. त्या घाईत कुणाला सुचत नाही, नंतर सगळ्यांना सुचतं.

व्हेरिकोसील म्हणजे गोटीच्या वरच्या शिरा फुगणं, बहुधा डावीकडं. शंभरातल्या पंधरा पुरुषांत ते असतं आणि त्यातल्या पुष्कळांना मुलं आहेत. ते हाताला लागत असेल आणि काउंटही कमी असेल तर ऑपरेशननं फायदा होऊ शकतो, तो दिसायला तीन ते सहा महिने. फक्त सोनोग्राफीत दिसलेल्या, हाताला न लागणाऱ्या शिरांसाठी टेबलावर जाऊ नका.

आणि पावडरी. अश्वगंधा, झिंक, सोनेरी डब्यातल्या गोळ्या, ‘तीस दिवसांत काउंट दुप्पट’. तीस दिवसांत तर पेशी अजून गोलसुद्धा झालेली नसते. २०२० मध्ये अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर फॉलिक अॅसिड आणि झिंक सहा महिने देऊन पाहिलं. वीर्यही सुधारलं नाही, मुलंही जास्त झाली नाहीत. डॉक्टरांनी लिहून दिलेलं जीवनसत्त्व घ्या, पण त्यापायी बायकोच्या वयाचं एक वर्ष घालवू नका.

गोटीत न दुखणारी गाठ लागली तर मात्र यातलं काहीही न करता त्याच आठवड्यात डॉक्टरांकडं जा. वंध्यत्व असलेल्या पुरुषांत गोटीच्या कॅन्सरचं प्रमाण थोडं जास्त असतं.

पायरी सातवी: उपचारांच्या पायऱ्या

कमतरता थोडी असेल, बायको तरुण असेल, तर कारण दूर करून वाट बघणं हाही उपचारच आहे. त्यापुढं आययूआय: वीर्य धुऊन त्यातले पळणारे वेगळे काढून गर्भाशयात सोडतात. पळणारेच मुळात फार थोडे असतील तर आययूआयच्या सहा-सहा फेऱ्या करण्यात अर्थ नसतो.

मुंबईच्या केईएममध्ये १९८६ मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या पथकानं टेस्ट ट्यूब बाळ जन्माला घातलं, तेव्हा अंड्याशेजारी शुक्राणू सोडून तेच आत शिरण्याची वाट बघावी लागे. फार कमी काउंट असलेल्यांसाठी दार उघडलं ते १९९२ मध्ये, ब्रसेल्समध्ये, इक्सीनं: एकच शुक्राणू बारीक सुईनं थेट अंड्यात. मग वीर्यात नाही तर गोटीतून काढलेलाही चालू लागला. वाट बंद असलेल्यांत सुईनं सहज मिळतो. कारखानाच बिघडलेल्यांत मायक्रो-टेसे करतात: गोटी उघडून, शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाखाली जाडसर, भरलेल्या नळ्या शोधायच्या. साधारण निम्म्या जणांत, कधी त्याहून कमी जणांत, शुक्राणू सापडतात. सापडले नाहीत तर काय, हे दोघांनी ऑपरेशनच्या आधी बोलून ठेवावं.

इक्सीनं वडिलांचा दोष बरा होत नाही, फक्त वळसा घातला जातो. आणि त्यासाठीची इंजेक्शनं, भूल, अंडी काढणं, सगळं बायकोच्या अंगावर जातं. नवऱ्याच्या कारणासाठी. म्हणून नवऱ्यानं आपल्या तपासण्या आधी पुऱ्या कराव्यात, असं मला वाटतं.

दात्याचं वीर्य घ्यायचं ठरलं तर २०२१ चा सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा माहीत असू द्या. केंद्र नोंदणीकृत हवं. दाता नोंदणीकृत बँकेतूनच, २१ ते ५५ वयाचा, आणि एका दात्याचं वीर्य एकाच जोडप्याला. ‘घरातल्याच कुणाचं घेऊ’ हा सासरकडून येणारा तोडगा इथं बसत नाही. दोघांची लेखी संमती लागते, आणि होणारं मूल कायद्यानं तुमचंच. दात्याचा त्यावर हक्क नाही.

घरी काय सांगायचं

हे मला लोक सगळ्यांत जास्त विचारतात. माझं म्हणणं, आकडा कुणालाच सांगू नका. "दोघांच्या तपासण्या चालू आहेत," हे वाक्य नवऱ्यानं, आपल्या तोंडानं, आपल्या आईला सांगायचं. बायकोवर ते काम ढकलायचं नाही. हळदीकुंकवाला तिलाच बाजूला बसवलं जातं. आणि जवळच्या प्रसंगात कमी पडण्याचा आणि काउंटचा काही संबंध नाही. शून्य काउंटवाल्याचा संसार इतर बाबतीत झकास असू शकतो, बाटलीत वीर्यही पुरेसं दिसतं, कारण त्यात शुक्राणूंचा वाटा फारच थोडा असतो.

आता एक फाइल आणा, नवऱ्याच्या नावाची. पहिल्या पानावर तारखा: शेवटचा ताप कधी, तंबाखू कधी सोडली, औषध कधी सुरू केलं, ऑपरेशन कधी झालं. मागं रिपोर्ट, जुना खाली, नवा वर. मग भिंतीवरच्या कालनिर्णयची पानं उलटून त्या तारखेपासून तीन महिने मोजा आणि त्या चौकटीत बारीक गोल करा. पुढचा नमुना त्या दिवशी. बाटली आमच्याकडून आदल्या दिवशीच घेऊन जा.